मास्तर आणि ओढ्यापलीकडचा एकपाय्या

ओयेलारान मास्तरांनी रानावर सहा पुस्तकं लिहिली, पण रान पाहिलं ते खिडकीतून. हे मी सांगत नाही, त्यांची बायको अबेनी सांगायची, आणि तीही ओंडोच्या भर बाजारात.

मास्तरांच्या गोष्टीत माणूस रानात शिरला की शहाणा होऊन परततो, नाहीतर परततच नाही. सहाव्या पुस्तकात त्यांनी ओढ्यापाशी एक एकपाय्या उभा केला. गुडघ्याला डोळे, आणि बायकांच्या टोपल्यांत डोकवायचा नाद. पुस्तक तडाखेबंद खपलं, आणि पानं तोडायला जाणाऱ्या बायका ओढ्याअलीकडूनच माघारी फिरू लागल्या. घरोघरी चवळीच्या वाटणाचं मोईन-मोईन पानांऐवजी दुधाच्या रिकाम्या डब्यांत वाफवायची पाळी आली. पानं विकणारी अबेनी नुसती माश्या मारत बसली.

"डुन्नीचे बाबा, तुमच्या त्या लंगड्यानं माझा धंदा बसवला," ती म्हणाली. "उद्या आमच्याबरोबर चला. तुम्ही पुढे."

"अगं, तो खोटा आहे!"

"मग भिता कशाला?"

सकाळी मास्तर निघाले. इस्त्रीचा झगा, हातात छत्री. मागे अबेनी आणि आठ जणी. आणि मी, रिकामटेकड्याला कोण अडवणार?

आमच्याकडे ओढा ओलांडायच्या आधी रानाला आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगतात. तिथं खोटं बोलायचं नसतं. मास्तरांनी घसा खाकरला.

"मी ओयेलारान. काम... तसं काही नाही. बायको ऐकेना म्हणून आलो." मग आवाज बारीक झाला. "इथं एकपाय्या राहतो असं मी लिहिलं. न बघताच लिहिलं. कोणी असलाच, तर त्यानं मला माफ करावं. या बायकांना त्रास देऊ नये."

आठ जणींतली फोलाकेची आई कुजबुजली, "रिकाम्या जागेशी कोणी इतकं खरं बोलतं का गं? आहे बाई कुणीतरी!"

मास्तरांच्या हातून छत्री गळाली.

"असेना," अबेनी म्हणाली. "यांना माफ करणारा भलाच असणार. मला सव्वीस वर्षांत जमलं नाही." तिनं नाव सांगितलं, काम सांगितलं, "एकपायदादा, येते हं," म्हणत कमरेचं वस्त्र वर खोचलं आणि पाण्यात उतरली. एकेक करत आठही जणी तिच्यामागून गेल्या.

"चला की मास्तर," मी म्हटलं.

"तुम्ही व्हा पुढे. आत्ताच माफी मागितलीय," मास्तर म्हणाले, "लगेच त्याच्या घरात घुसणं बरं दिसत नाही."