आफ्रिका सर

आफ्रिका सर कधी आफ्रिकेत गेले नव्हते. पनवेलच्या बाहेर म्हणजे फार तर पुण्यापर्यंत, तेही पेपर तपासायला. पण वर्गात टांझानियाचं नाव घेताना त्यांचा आवाज असा व्हायचा, की जणू चिरनेरला दिलेल्या बहिणीची खुशाली सांगताहेत. जगात तांब्याचा भाव पडला की झांबियाच्या काळजीने सरांचं डोकं दुखायचं आणि आमची चाचणी पुढे ढकलली जायची. तांब्याचा भाव पडावा म्हणून देव पाण्यात ठेवणारी पोरं बहुधा आमच्याच कॉलेजात होती.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचं प्रकरण अभ्यासक्रमात दोन तासांचं. सर ते दिवाळीपर्यंत पुरवायचे. फळ्यावर आधी समुद्र, मग बंदर, मग लांब आत एक खाण, आणि खाणीपासून बंदरापर्यंत एक सरळ रूळ. "गोऱ्यांनी रेल्वे दिली म्हणता ना? मग या गावातून शेजारच्या गावात जायला रूळ दाखवा. नाहीच. साहेब गेला, झेंडा बदलला, रूळ तिथेच." मग खडू ठेवून हात झटकायचे. "आमचे वडील मीठ पिकवायचे, भाव मुंबईहून यायचा. घाना कोको पिकवतो, भाव लंडनहून येतो. हे कळायला मला पुस्तक लागलं नाही."

त्यांचा उपायही ठरलेला होता. देशाने आपलं आपण उभं करायचं. धरणं, पोलाद, बंदरं, सगळं. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, धरणात गाव कुणाचं बुडवायचं? सर म्हणाले, "कुणाचं तरी जाणारच. आपली पाळी आली की मागे सरायचं नाही, एवढंच." आम्ही ते लिहून घेतलं आणि परीक्षेनंतर विसरलो.

पाळी आली तेव्हा मी त्याच कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकवायला लागलो होतो. विमानतळासाठी जी गावं उठणार होती, त्यात सरांचं गाव होतं. देवळापुढे बैठक भरली. गावातला पहिला शिकलेला माणूस विरोधात बोलेल, अशी सगळ्यांची खात्री. सर उठले आणि म्हणाले, "हे देशाला लागतंय. आपण जाऊ या." मग त्यांचे थोरले भाऊ उठले. दादांनी शाळा सोडून, खाडीत जाळं टाकून सरांना शिकवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "माझा भाव शिकलाय. तो बोलतो तं खरं आसंल." दादा तयार झाले म्हणून गाव तयार झालं.

नव्या वसाहतीत प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले. जुने शेजारी दोन टोकांना गेले. पहिल्याच वर्षी गावदेवीच्या पालखीचा प्रश्न आला. जुन्या गावात कुणाच्या दारानंतर कुणाच्या दारी थांबायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. सरांनी हौसेने नकाशा काढला, एका टोकाला सुरुवात, दुसऱ्या टोकाला शेवट, कुठे मागे फिरायला नको. म्हाताऱ्यांनी तो मान डोलवत बघितला. दादा म्हणाले, "पालखी काय एसटी हाय, वाटंत येल त्या थांब्याव थांबाया?" पालखी जुन्या क्रमानेच निघाली. या टोकाहून त्या टोकाला, पुन्हा इकडे, स्वतःचीच वाट कापत, दिवे लागेपर्यंत. सर दिवसभर उन्हात मागून चालले. शेवटी चप्पल काढून पाय चोळत मला म्हणाले, "हे मी हिशेबात धरलंच नव्हतं."

पुढच्या सत्रात त्यांनी आफ्रिका दोन तासांत संपवली. फळ्यावर रूळ काढला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "अभ्यासक्रमात तेवढेच तास आहेत."

नवीन पनवेलच्या फ्लॅटमधून ते दर रविवारी वसाहतीत दादांकडे जायचे. कधी मीही बरोबर असायचो. दुमजली घर, फरशी अशी की पाय घसरावा, आणि दारात प्लास्टिकच्या खुर्चीत दादा. खाडी नव्हती, जाळं नव्हतं. "दादा, करमतं का?" "बसलोय." एवढंच बोलणं. चहा व्हायचा, आम्ही उठायचो. परतताना सर एकदा म्हणाले, "तू चुकलास, असं एकदा तरी मला म्हणायला हवं होतं त्याने. भांडला असता तर बरं झालं असतं." मी चुकलो का, हे स्वतःहून विचारायचा धीर मात्र त्यांना अखेरपर्यंत झाला नाही.

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये चहा पीत होतो. तो संपवला, कप विसळला, मग निघालो. स्मशानात सगळे रडत होते. मला काहीच होत नव्हतं. अजूनही होत नाही. ज्या माणसाने मला डोकं दिलं त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी येऊ नये, याची लाज वाटते, पण तीही लांबून.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर दादांनी मला शेजारी बसवलं. वरून विमान गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत दादा मान वर करून बघत राहिले.

"तो शिकवायचा तेच तू पन शिकवतोस ना?"

"हो, दादा."

"मंग मला सांग. त्यो बोलला देशाला लागतंय. लागत व्हतं ना?"

या प्रश्नाचं उत्तर मी दरवर्षी मुलांना लिहून देतो. एका बाजूचे मुद्दे, दुसऱ्या बाजूचे मुद्दे, आठ गुण. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"लागत होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"मी त्याला कंदी इचारलं नाय," दादा म्हणाले. "त्यानं लागत नव्हतं म्हनून सांगितलं आसतं, तर?"