कप्तान परतला का

थिएटरबाहेर त्या अंतराळपटाच्या दुसऱ्या भागाचं पोस्टर लागलंय. शेजारी थांबलेली बाई नवऱ्याला म्हणाली, “कळेल एकदाचं, कप्तान परतला की नाही ते.”

पहिल्या भागाच्या शेवटी यानाचं दार अर्धवट उघडंच राहिलं होतं. तो परतला, असं माझा मित्र विनायक म्हणायचा. मी नाही म्हणायचो. कॉलेजच्या कँटीनमध्ये या भांडणात आम्ही कित्येक चहा गार केले. आता तिकीट लावून निकाल सांगणार, आणि तोही धड सांगतील याचा भरवसा नाही.

तरी पोस्टरचा फोटो विनायकला पाठवला. “आठवतंय?” विचारलं.

त्यानं लगेच पाहिला. उत्तरात नुसता अंगठा आला.

पडद्यावर काहीही दाखवोत; इतक्या लांब गेलेला माणूस परतत नाही, हे माझंच म्हणणं खरं निघालं. हरलो असतो तर बरं झालं असतं.