छातीवरच्या पट्ट्याचा आकडा

छातीला बांधायचा तो काळा पट्टा मी मागवला, तेव्हा घरच्यांना वाटलं मला धावायचं वेड लागलंय. मला धावायचं वगैरे काही नव्हतं. आपलं हृदय नीट चाललंय की नाही, हे रोज सकाळी डोळ्यांनी बघायचं होतं, बस. मनगटावरच्या घड्याळावर माझा भरवसा उरला नव्हता. मी भांडी घासत असले तरी ते मला ‘छान चाललात’ म्हणून शाबासकी द्यायचं. पट्टा थेट छातीवरून ठोके मोजतो, तो सहसा चुकत नाही, असं कुठेतरी वाचलं आणि घेऊन टाकला.

यामागे एक भीती होती आणि ती आमच्या घरात जुनी आहे. आमची आई ज्या वयात हृदयविकाराने गेली, ते वय यंदा मी गाठणार होते. जायच्या आधी महिनाभर तिच्या छातीत जळजळ व्हायची. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो नॉर्मल आला, गॅस आहे म्हणून त्यांनी गुलाबी औषधाची बाटली दिली. ती बाटली संपायच्या आत आई गेली. तेव्हापासून नॉर्मल आलेल्या रिपोर्टवर माझा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा काडीचाही विश्वास नाही.

बहीण घाटकोपरला राहते, मी मुलुंडला. रोज एकदा तरी फोन होतोच. वर्षाच्या सुरुवातीला ती एकदा बोलता बोलता म्हणाली, “ताई, तू आईचं वय पार केलंस ना, की मला जरा बरं वाटेल.” मी तिला झापलं. म्हटलं, मी काय तुझ्यासाठी रस्ता तपासत पुढे चाललेय का? फोन ठेवल्यावर मात्र कळलं, तसंच होतं ते. मी पुढे होते, ती मागून बघत होती, आणि मी पडले असते तर ती उरलेलं आयुष्य स्वतःची वेळ कधी येते याची वाट बघण्यात घालवणार होती.

तर पट्टा आला. सोबतच्या माहितीपत्रकावर एका पुरुषाचं चित्र होतं. छाती पाटासारखी सपाट. पट्टा छातीच्या खाली बांधा, एवढंच लिहिलेलं. त्याला काय जातंय सांगायला? माझ्या छातीखाली आधीच ब्राचं रुंद इलॅस्टिक होतं, त्याच्या खाली पोटाची पहिली वळी होती, आणि या दोघांच्या मधे या गृहस्थाने पट्टा कुठे बसवायला सांगितला होता ते त्यालाच माहीत. मी तो इलॅस्टिकवर अर्धा आणि अंगावर अर्धा असा कसाबसा बसवला. पट्ट्याची आतली बाजू बांधण्यापूर्वी ओली करा, असंही त्यात होतं. ते वाचून मी हसले. मुंबईत राहून अंग आणखी ओलं कशाला करायचं?

माझी सकाळ ठरलेली असते. उठायचं, आंघोळ करायची, पावडर लावायची, देवापुढे दिवा लावायचा आणि मगच घराबाहेर पाऊल टाकायचं. पारोशा अंगाने उंबरठा ओलांडायचा नाही, ही आईची शिस्त. आमच्याच बिल्डिंगमधली माझी मैत्रीण याच्या अगदी उलट. ती अंथरुणातून उठते ती थेट बूट घालून खाली येते. मी तिला कितीदा म्हटलंय, “निदान आंघोळ तरी करून ये गं.” तिचं उत्तर ठरलेलं, “वर जाईपर्यंत घामाने आंघोळ होणारच आहे, दोनदा कशाला?” आम्ही दोघी रोज टेकडीकडे जाणारा चढाचा रस्ता धरतो आणि वरच्या सपाटीवर जाऊन परत येतो.

पट्ट्याने मोजलेले ठोके फोनवर दिसतात; पहिल्या दिवशी बिल्डिंगच्या गेटपाशी मी तो उघडला. अजून एक पाऊलही टाकलं नव्हतं आणि आकडा होता दोनशे आठ.

वॉचमनच्या खुर्चीत मी बसकण मारली. मैत्रिणीने माझं मनगट धरून नाडी बघितली आणि म्हणाली, “काही दोनशे बिनशे नाहीये, गप ऊठ.” पण तिचं बोट खरं की पट्टा खरा? मी पट्ट्यावर विश्वास ठेवला. हळूहळू चालत निघालो. अर्ध्या चढावर घामाच्या धारा लागल्या आणि आकडा एकशे वीसच्या आसपास येऊन शहाण्यासारखा वागायला लागला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गेटपाशी दोनशेच्या वर, मधेच शून्य, मग पुन्हा एकशे नव्वद, आणि चढ लागला की सगळं नीट. म्हणजे सगळ्या जगाचं हृदय चढावर धडधडतं आणि माझं उभ्या उभ्या. असा काही आजार असतो का, हे मी फोनवर शोधत बसले, आणि जे शोधू नये ते सगळं सापडलं.

पट्ट्यातच खोट असेल म्हणून एका सकाळी मैत्रिणीला घरी बोलावून तिला तो बांधला. तिने तो अंगावर चढवला मात्र, आकडा ऐंशी. जिन्यावरून दोन मजले वर-खाली करून आली, एकशे दहा. शांत बसली, पुन्हा ऐंशी. पट्टा ठणठणीत होता. म्हणजे खोट माझ्यात होती. मी तो तिच्याकडून घेऊन पुन्हा स्वतःला बांधला. मग ती माझ्या पट्ट्याकडे बघून म्हणाली, “अगं, पण तू हा इलॅस्टिकच्या वर का बांधतेस? तो अंगाला लागतोय कुठे?” तिने स्वतःच्या हाताने तो ब्राच्या पट्टीखाली सरकवून घट्ट केला, मंगळसूत्र मागे पाठीवर टाकलं आणि म्हणाली, “बघ आता.” मधेमधे येणारी शून्यं त्या दिवसापासून थांबली. गेटपाशीचे दोनशे मात्र तसेच राहिले.

शेवटी नवऱ्याने ऐकलं नाही. डॉक्टरकडे नेऊन ट्रेडमिलवरची चाचणी करायला लावली. तिथल्या सिस्टरने छातीवर ठिकठिकाणी तारा जोडायच्या चिकट्या लावायच्या आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला घेतलं. बोळ्याला पांढरा लगदा लागला. दुसरा घेतला, त्यालाही. “पावडर बरीच लावता वाटतं,” ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांसमोर उघडं बसायची लाज एका बाजूला आणि ही पावडरीची लाज दुसऱ्या बाजूला. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

चाचणी उत्तम आली. डॉक्टर म्हणाले, “तुमच्या वयाच्या मानाने झकास हृदय आहे, उगाच घाबरू नका.” मी मान डोलावली, फाइल पिशवीत घातली आणि रिक्षात बसल्याबरोबर बहिणीला फोन केला.

“नॉर्मल आहे,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “आईचाही नॉर्मलच होता ना गं.”

माझ्याही मनात तेच होतं. डॉक्टरांचा कागद एक सांगत होता आणि रोज सकाळी पट्टा दुसरंच सांगत होता. “तूपण एकदा करून घे,” मी म्हटलं, तर ती म्हणाली, “आधी तुझं कळू दे नीट.” त्या दिवसापासून मी टेकडी सोडली. पहिल्या वळणापर्यंत जायचं, तिथल्या कठड्यावर टेकायचं आणि मैत्रीण वर जाऊन परत आली की तिच्यासोबत खाली यायचं. वरून उतरणारी ओळखीची माणसं विचारायची, “काय, आज इथेच?” मी म्हणायचे, गुडघा दुखतोय. माझे गुडघे उत्तम आहेत. खोटं बोलायचा मला राग येत होता, आणि त्याहून जास्त राग मी घाबरले होते याचा येत होता.

असे बरेच दिवस गेले. मग सोसायटीत पाण्याची टाकी साफ करायचं निघालं. आदल्या संध्याकाळी पाणी भरून ठेवा म्हणून नोटीस लागली होती. मी भरलंही होतं, पण सकाळी उठून बघते तर नवऱ्याने बादलीतल्या अर्ध्याअधिक पाण्याने दाढी, तोंड आणि कसकसलं काय काय उरकलेलं. उरलं ते स्वयंपाकाला हवं होतं. मी चरफडले, दिवा राहू दिला, देवाला लांबूनच नुसते हात जोडले, आणि जन्मात पहिल्यांदा पारोशी फिरायला निघाले. रात्रीच्या घामाने अंग चिकचिकत होतं. पट्टा बांधतानाही तो अंगाला चिकटत होता. मला स्वतःची शिसारी आली.

गेटपाशी फोन उघडला. ब्याऐंशी.

मी फोन झटकला. ब्याऐंशीच. चालायला लागले, नव्वद. रस्ता चढायला लागला तसा आकडा एकेका पायरीने चढला, कुठे उडी नाही, कुठे शून्य नाही. पहिल्या वळणाशी थांबले तर तो गुपचूप खाली उतरायला लागला. मला वाटलं आता पट्टा खरंच बिघडला.

मैत्रीण मात्र माझ्याकडे बघत होती. “आज काय वेगळं केलंस?” तिने विचारलं. मी म्हटलं, “काही नाही गं, पाणी नव्हतं, आज मीपण तुझ्यासारखीच पारोशी.” ती म्हणाली, “मग आंघोळीचंच काहीतरी आहे. तू आंघोळ करून येतेस, मी नाही येत.” आंघोळीने हृदय कसं धडधडेल, असं मी तिला विचारणारच होते, तेवढ्यात मला त्या सिस्टरच्या हातातला पावडरीने माखलेला बोळा दिसला. पुसल्याशिवाय तिने एकही चिकटी लावली नव्हती. पट्ट्याला ठोके कळायला कातडीवर थोडा ओलावा लागतो, आणि मी रोज नेमक्या त्याच जागी, घामोळं येऊ नये म्हणून छातीखालच्या घडीत, मूठभर पावडर थापून निघत होते. आई आम्हा दोघींना लहानपणी तशीच लावायची, आंघोळीनंतर उभं करून, हात वर करायला सांगून. चढावर घाम फुटून पावडर भिजली की आकडा ताळ्यावर यायचा. मैत्रिणीच्या अंगावर ना आंघोळ ना पावडर, म्हणून तिचा आकडा पहिल्यापासून नीट.

पण एका दिवसावर मी भुलणारी नाही. दुसऱ्या दिवशी टाकीत पाणी होतं. मी नेहमीसारखी आंघोळ केली, नेहमीसारखी पावडर लावली, पट्टा बांधून आरशासमोर उभी राहिले. एकशे शहाण्णव. पट्टा सोडला, ओला पंचा घेऊन ती जागा खसाखसा पुसली, पट्ट्याची आतली बाजू नळाखाली धरली आणि पुन्हा बांधला. अठ्ठ्याहत्तर. परत सोडला, परत पावडर लावली, एकशे ऐंशी. पुसलं, शहात्तर. नवरा बाथरूमच्या दारावर थापा मारून विचारत होता, आत काय चाललंय. मी आतून हसत होते, आणि हसता हसता मला रडू कधी फुटलं ते कळलंच नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्या बाथरूममध्ये कळलं. महिनाभर मी एका डब्यातल्या पावडरीला घाबरत होते.

त्या सकाळी मी वळणावर थांबलेच नाही, मैत्रिणीबरोबर तशीच पुढे निघाले. शेवटचा चढ छातीवर येतो, तिथेही थांबले नाही. आकडा एकशे पंचेचाळीसवर गेला, आणि मला त्या आकड्याचा आनंद झाला, कारण तो मी पायांनी कमावलेला होता. वरच्या सपाटीवर पोचले आणि दम खाण्याआधीच बहिणीला फोन लावला.

“ताई, तुला दम का लागलाय?” तिचा आवाज चिरकला. “काय झालं? कुठे आहेस तू?”

“चढलेय म्हणून लागलाय,” मी म्हटलं. “वर आलेय. नुसता साधा दम आहे हा.”

मग धापा टाकत तिला सगळं सांगितलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, “ताई, एक सांगू? गेल्या मंगळवारी तू आईपेक्षा मोठी झालीस.”

मला माहीतच नव्हतं. गेल्या मंगळवारी मी वळणावर बसून कोणाला तरी गुडघ्याचं खोटं सांगत होते.

“मोजत होतीस?” मी विचारलं.

“रोज. बोलले नाही, नजर लागेल म्हणून.” ती नाक पुसत होती ते ऐकू येत होतं. “उद्या मी जाते त्या टेस्टला. तू येशील का बरोबर?”

“येते,” मी म्हटलं. फोन ठेवून मी तिथल्या दगडावर बसले. आईला न मिळालेला असा माझा तो कितवा तरी दिवस होता, आणि मला कडकडून भूक लागली होती.