थोरल्या दिरांसमोर

वडिलांचं तेरावं होऊन गेलं होतं आणि सणसरच्या घरात आईचं पुढचं ठरवायचं तेवढं उरलं होतं. ते थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, चहा पिता पिता ठरवून टाकलं.

"घर बंद ठिऊ. ऊस मी बघतो. तुझी आय बारामतीला तुझ्याकडं ऱ्हाईल. एकटी बाईमाणूस हितं काय करणार?"

मी मान हलवली. मलाही तेच बरं वाटत होतं. आई भिंतीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन बसली होती. थोरल्या दिरांसमोर ती कधीच बोलत नसे. त्यांना काही सांगायचं असेल तर ते वडिलांमार्फत जाई. आता ती वाटच बंद झाली होती.

तेवढ्यात ऑस्ट्रेलियातून भावाच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती तिकडेच वाढलेली, तिला मराठी बोलता येत नाही. तिच्यासाठी वडील रोज संध्याकाळी आईला ओट्यावर बसवून इंग्रजी बोलायला शिकवत. उद्या काय करणार, पुढच्या महिन्यात काय करणार, असं विचारत, आणि आई अडखळत उत्तरं देई. मला तो दोघांचा विरंगुळा वाटायचा.

"आजी, व्हॉट विल यू डू नाऊ?" भाचीनं विचारलं.

आईनं फोन जवळ धरला. "आय विल स्टे हिअर. इन माय हाउस. आय विल लुक आफ्टर द शुगरकेन. आय विल नॉट गो टू बारामती." थोडं थांबून ती म्हणाली, "नेक्स्ट इयर आय विल कम टू यू. अलोन."

माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता आणि आईकडे पुढचं अख्खं वर्ष तयार होतं.

"काय म्हणती गं?" फोन बंद झाल्यावर आबांनी मला विचारलं. "बारामतीचं नाव घेतलं न्हवं?"

खुशाली सांगत होती, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"समदं सांग त्यास्नी," आई जमिनीकडे बघत हळूच म्हणाली.

मी एकेक वाक्य सांगितलं. मराठीत ती वाक्यं फार उघडी वाटली.

"मंग मराठीत सांगायला काय झालं हुतं? आमी काय गोरं सायेब हाय?" आबा म्हणाले.

आईनं मान वर केली आणि पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे बघितलं. "इचारलं कुठं कुणी? पोरीनं इचारलं, तिला सांगितलं."

आबा टोपी सारखी करत राहिले.

"शेतीची लाईट रातची असती. पाणी कोण देणार?"

"गडी लावीन."

"अन् ही लेक? तिनं खोली रंगवून ठिवलीया तुझ्यासाठी."

खरंच रंगवली होती. आईला ते माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही विरघळेल.

"असू दे," ती म्हणाली. "येईन की ऱ्हायला. चार दिवस, पावणी म्हणून."