अकरा घरांचा ब्लॅकआऊट

मालक फौजेतून सुटून आले आणि आम्ही शहराच्या कडेला, सातारा परिसरात, डोंगराच्या अंगाला प्लॉट घेऊन घर बांधलं. तेव्हा गल्लीत तीन घरं होती. आता अकरा आहेत. शेवटच्या घराच्या पुढं मोकळं रान आहे आणि रानात वारुळं. ही पोस्टिंग मालकांनी स्वतः मागून घेतली होती, त्यामुळं तक्रार करायची सोय नव्हती.

मी फौजेत नव्हते. माझं शिक्षण चौथी. मालक सिग्नलमध्ये सुभेदार होते. सुटून आल्यावर त्यांचे हुकूम ऐकायला मी एकटीच उरले. लढाईचं त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणून डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहिते.

पावसाळ्यात पाऊस पडून उघडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी सातच्या सुमारास, वाळवी पंख लावून जमिनीतून बाहेर पडते. आमच्याकडं त्यांना पाखरं म्हणतात. ती चावत नाहीत, डसत नाहीत. नुसती येतात. पोत्यानं येतात आणि जिथं दिवा दिसेल तिथं जातात. वरणात पडतात, पंख टाकून अंथरुणात सरपटतात, नाकाकानात शिरतात. वीस-पंचवीस मिनिटं हा कारभार चालतो, मग आपोआप संपतो. पण तेवढ्यात स्वयंपाक वाया जातो आणि दुसऱ्या दिवशी घरभर पंखांचा कचरा.

पहिल्या वर्षी मालक म्हणाले, "ब्लॅकआऊट. उजेड दिसला नाही तर दुश्मन येत नाही."

मी म्हणाले, "अंधारात बसून काय भजन करायचं? माझा बाप सोयगावला वावरात कंदील टांगून खाली पाण्याचं घमेलं ठेवायचा. किडा उजेडाला येतो आन् पाण्यात पडतो."

"तुझा बाप जनरल होता काय?"

"तुमी तरी कुठं होते?"

दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही केलं, आणि तीच पद्धत पुढं चालू राहिली. एक लांब शिट्टी झाली की गल्लीतल्या सगळ्या घरांनी मेन स्विच बंद करायचा. शेवटच्या घरापुढच्या रानात बांबूला बॅटरीवरचा एक दिवा टांगायचा आणि खाली घमेलं ठेवायचं. चाळीस मिनिटांनी दोन छोट्या शिट्ट्या. मग सगळ्यांनी दिवे लावायचे.

नवीन घरं होत गेली तशी मालकांनी प्रत्येकाला ही शिस्त लावली. फोनवर ते वायरलेसवर बोलल्यासारखे बोलायचे. कोपऱ्यावरच्या घरात बँकेतून रिटायर झालेले कुलकर्णी राहतात. एका वर्षी त्यांच्या खिडकीत उजेड दिसला.

"कुलकर्णी, तुमच्या बाथरूममध्ये लाईट आहे. ओव्हर."

"अहो सुभेदार, आत मी आहे!"

"कळलं. तुम्ही राहा, लाईट बंद करा. ओव्हर."

समोरच्या घरात नसीम राहते. शहागंजातली पोरगी, शिलाईचं काम करते. मला खाला म्हणजे मावशी म्हणते, मालकांना चाचा. तोंडाची फाटकी, कामाची पक्की. मालकांनी तिला नायक केलं होतं. ती म्हणायची, "चाचा, पगार भी दो." मालक म्हणायचे, "पेन्शन मिळेल."

तीन वर्षांपूर्वी मालकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं दहा-बारा शब्दांवर आलं. शिव्या मात्र शाबूत राहिल्या. तेव्हापासून माझी ड्यूटी अशी. साडेपाचला उठवणे. सहाला कूस बदलणे, नंतर दर दोन तासांनी. साडेसातला चहा, चमच्यानं. बाराला पेज, चमच्यानं. चमच्याचं कारण असं की त्यांचं तोंड उजवीकडून उघडंच राहायचं आणि गिळणं बरोबर होत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आजी, श्वासनळीत काही जाऊ देऊ नका. मोठा ठसका लागला तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत वेळ मिळणार नाही." मी ते मालकांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं.

गल्लीची शिट्टी माझ्या गळ्यात आली.

मी लिहिते आहे तो प्रसंग मागच्या पावसाळ्यातला. दोन दिवस पाऊस लागून उघडला होता. दुपारी चार वाजता वारा पडला. पाच वाजता अंगणातल्या फरशीच्या फटीत पाखरं तोंड काढून बसलेली दिसली. मी आत जाऊन रिपोर्ट दिला.

"पाखरं निघाली."

"किती?"

"लई."

"टाईम?"

"सातला उठतील. सव्वासहाला समद्यांना फोन करते."

त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दाखवला. सव्वासहाला मी दहा घरी फोन केले. साडेसहाला मालकांना कॉटवर उशांना टेकवून बसवलं आणि मच्छरदाणी सोडायला लागले.

"नाय," मालक म्हणाले. डाव्या हातानं खिडकी दाखवली.

"अंधारात काय दिसणार तुमाला?"

"गल्ली."

दोन वर्षं हा माणूस त्या खिडकीतून गल्ली बघत होता. वर्षातून एखाद-दोनदा ती गल्ली त्याच्या हुकमानं अंधारी व्हायची. मी मच्छरदाणी वर केली आणि खिडकी पूर्ण उघडली. अंधारात पाखरू येत नाही, हा आमचा चोवीस वर्षांचा अनुभव होता.

सहा पन्नासला मी शिट्टी दिली. मागच्या दाराजवळचा मेन बंद केला आणि घमेलं घेऊन मागूनच रानाकडं निघाले. वळून बघितलं नाही. बघायचं कारण नव्हतं.

सात वाजून पाच मिनिटांनी पाखरं उठली. धूर निघावा तशी वारुळातून निघत होती. दिव्याभोवती ढग झाला. घमेल्यातलं पाणी पाच मिनिटांत दिसेना. मी मनात म्हणाले, यंदा काम चोख झालं.

सात वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. नसीम होती.

"खाला, तुमारे घर में लाईट जल रई!"

"माझा मेन बंद हाय. नीट बघ."

"अरे मैं देख रई ना! चाचा के कमरे में! पूरे कीड़े उधरइच जा रए!"

तेवढ्यात कोपऱ्यावरून अंधारात कुलकर्णींचा आवाज आला. "काकू, आज तुम्हीच नियम मोडलात!" ते खुशीत होते. त्यांना काय माहीत.

मग मला आठवलं. आमचा संजू पुण्याला असतो. आदल्या रविवारी येऊन गेला. जाताना बापाच्या खोलीतला बल्ब बदलून गेला. म्हणाला, "आई, हा चार्जिंगचा हाय. लाईट गेली की आपोआप पेटतो. दादांना अंधारात पडायला नको." मी म्हणाले, शहाणा हायेस. मेन बंद केला म्हणजे बल्बाच्या लेखी लाईट गेली. गल्लीत एकच खिडकी उजेडाची, ती मालकांची. आणि ती मी माझ्या हातानं उघडून आले होते.

रानातून घरापर्यंत नव्वद पावलं आहेत. माझे गुडघे बघता ते चार मिनिटांचं काम. मी किती वेळात गेले ते सांगता येत नाही. घड्याळ बघितलं नाही. सगळ्या टाईमात हा एकच माझ्याकडं नाही.

खोलीत समोरचं दिसत नव्हतं. भिंत हलत होती. फरशीवर चमचा पडला होता, स्टीलचा पेला, औषधांचा डबा, चष्मा, एक उशी. मालक डाव्या हातानं एकेक वस्तू बल्बाला फेकून मारत होते. सगळ्या चुकल्या होत्या. तो त्यांचा सवयीचा हात नव्हता. तोंडात त्यांनी टॉवेलचं टोक कोंबून घेतला होता. तोंड मिटत नाही म्हणून त्यांनी ते बुजवलं होतं. डोळे घट्ट मिटलेले. मिशीवर, भुवयांवर, गळ्यावर पाखरं. बैलासारखे नाकानं फुसफुसत होते. माझी चाहूल लागली तेव्हा त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. ती मला लागली.

मी बटण दाबलं. बल्ब विझला. चादर ओढली आणि दोघांच्या डोक्यावरून घेतली.

आत काळोख. मी बोटांनी चाचपून त्यांच्या नाकपुड्यांतली पाखरं काढली. मग मिशीतली, मग कानातली. मग टॉवेल हळूहळू ओढला. त्यांच्या तोंडात बोट घालून सगळीकडून फिरवलं. आत काही नव्हतं. एकही नाही. मग मी त्यांच्या छातीवर कान ठेवला आणि शंभर मोजले. ठसका लागला नाही. पुन्हा शंभर मोजले.

मालकांनी माझ्या गळ्यातली दोरी ओढली.

"शिट्टी."

"मरू द्या गल्ली."

"टाईम."

बरोबर होतं. साडेसातला दोन शिट्ट्या व्हायच्या होत्या. दहा घरं अंधारात बसली होती, आमच्या भरवशावर. मी चादरीतूनच फोन बघितला. सात सव्वीस. चार मिनिटं आम्ही तसेच बसून राहिलो. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली होती. त्यातली निम्मी त्यांच्या रजेची वाट बघण्यात गेली, शेवटची दोन चमच्यात. इतक्या जवळ, काही काम न करता, आम्ही कधी बसलो होतो ते मला आठवेना. त्यांच्या अंगाला औषधी तेलाचा वास होता. माझ्या अंगाला चिखलाचा असणार.

दारात पाय वाजले. नसीम ओला टॉवेल घेऊन धावत आली होती. तिनं फोनचा उजेड आमच्यावर पाडला. बघते तर दोन म्हातारी माणसं एका चादरीत.

"तोबा! खाला, मैं बाद में आऊँ क्या?"

मालक हसले. अर्ध्या तोंडानं हसले, पण आवाज निघाला. मला वाटलं हाच तो ठसका आणि मी त्यांना पुढं वाकवलं. पण ते हसूच होतं. मी नसीमला म्हणाले, "आधी तो उजेड बंद कर, मुडद्ये." ती बंद करून अंधारातच कॉटच्या पायथ्याशी बसली. मग हुंदका ऐकू आला. मालकांनी डाव्या हातानं तिच्या डोक्यावर टपली मारली.

साडेसातला मी खिडकीतून दोन शिट्ट्या दिल्या. गल्लीत दिवे लागले. कुलकर्णी ओरडले, "ऑल ओके, काकू?" मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी ओरडले, "ओके!"

दुसऱ्या दिवशी खोलीतून पाऊण बादली पंख निघाले. संजूला फोन केला. तो रडायला लागला. म्हणाला, माझ्यामुळं दादा गेले असते. मी म्हणाले, "रडू नको. बल्ब चांगला हाय. बटण बंद करायचं माझं काम होतं, ते मी केलं नाय. चूक माझ्या नावावर." मालक ऐकत होते. त्यांनी फोन मागितला, कानाला लावला आणि पोराला एक कचकचीत शिवी दिली. संजूला ती ऐकून बरं वाटलं. लकवा मारल्यापासून बापानं त्याला शिवी दिली नव्हती.

मालक त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी गेले. ठसक्यानं गेले नाहीत. दहा वाजायला वीस मिनिटं होती. मी त्यांची दाढी करत होते, डावा गाल झाला होता. लोक विचारतात, शेवटी काय बोलले. "पाणी गार हाय" म्हणाले. ते गारच होतं. मी गरम करून आणायला गेले. परत आले तेव्हा गरज नव्हती. तरी मी उजवा गाल पुरा केला. अर्धी दाढी घेऊन हा माणूस कुठं हजर झाला नसता.

त्यांच्या वेळचे चार जण आले. म्हातारे, काठ्या टेकत. ओळीत उभे राहिले आणि सॅल्यूट केला. नसीम त्यांच्या ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिला कुणी हटकलं नाही.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लिहायला बंदी नाही.

सुभेदार सांडू गणपत काळे, सिग्नल. फौजेत अठ्ठावीस वर्षं. गल्लीत चोवीस.