वहिनींचे मुहूर्त

आमच्या शेजारच्या वहिनींइतकं निर्मळ मनानं खोटं बोलणारं माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. पाथरीपासून जिंतुरापर्यंत कुणीही पैज लावावी, मी हरायचा नाही. बाकीची माणसं काहीतरी लपवायला नाहीतर लाटायला खोटं बोलतात. वहिनी खोटं बोलायच्या त्या कुणाच्या तरी सुनेला दवाखान्यात न्यायला. गावच्या आशाताई होऊन त्यांना सोळा-सतरा वर्षं झाली. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागेल. खांद्याला ती फुगलेली पिशवी, पायात झिजून एका बाजूला कललेल्या चपला, आणि उंबऱ्याच्या आत कधी पाऊल नाही. "बसले की उठायला येळ लागतो," म्हणत चहाही दारातच, बशीत ओतून, दोन घोटांत. सकाळपासून अशा दहा दारांतून दहा बशा प्यायच्या आणि संध्याकाळी आमच्या हिला सांगायच्या, "भूकच मेली बघा माझी."

आमच्याकडे पाचवा महिना लागेपर्यंत पोटातलं कुणाला सांगत नाहीत. नजर लागते म्हणे. वहिनींना मात्र दुसऱ्याच महिन्यात पत्ता लागायचा. गिरणीवरून परतताना कुणी डबा जावेच्या डोक्यावर दिला, फोडणी पडल्याबरोबर कोण नाक दाबून अंगणात पळालं, एवढं त्यांना पुरायचं. एकदा पारावर बसलेल्या एका पोराला त्यांनी सगळ्यांदेखत झापलं, "आरं, बाप व्हायलास तू! आता तरी तो गुटखा थुक!" त्या बिचाऱ्याला घरात अजून कुणी सांगितलंच नव्हतं. तो तसाच तोंड पुसत घरी पळाला आणि बायकोवर रुसून बसला, की मला सांगायच्या आधी आशाताईला का सांगितलं. तिनंही सांगितलं नव्हतं.

रक्तवाढीच्या लाल गोळ्या वाटून वहिनी कधी निघून जायच्या नाहीत. गोळीनं पोर मोठं होतं, मग बाळंतपण अवघड जातं, असं सांगून सासवा त्या गोळ्या शेणाच्या उकिरड्यात टाकायला लावत. म्हणून वहिनी दारात उभ्या राहून गोळी गिळायला लावायच्या आणि वर "जीभ दाव" म्हणायच्या. एका पोरीनं जिभेखाली लपवली तर गालाला धरून, "वर कर की जीभ, मी काय आज आशाताई झालेय व्हय?"

आणि त्यांचा तो काटा! झोळी लावून लेकरं तोलायचा काटा त्यांच्या पिशवीत कायम असे. गावातल्या कुणाचं लग्न कधी झालं हे त्यांना आठवत नसे, पण जन्मलेल्या प्रत्येक लेकराचं वजन तोंडपाठ. मी इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. वहिनी शाळेत आल्या की माझा वर्ग नावानं ओळखायच्याच नाहीत. "ए सव्वादोन किलो, शेंबूड पूस!" "ह्यो बघा भावजी, पावणेदोन किलोचा व्हता, कापसात गुंडाळून जगवला, आता दुसऱ्याला बडवायलाय." आणि तो पावणेदोन किलो खरंच कुणाच्यातरी छातीवर बसलेला असायचा. पोरंही एकमेकांना वजनानं चिडवायची. हजेरीला मी एकदा चुकून तसंच पुकारलं आणि एक हात वर आला.

माझ्याशी त्यांचं काम वेगळंच होतं. माझे वडील गावचे जोशी. ते गेल्यावर पंचांग माझ्याकडे आलं. मास्तरकी सांभाळून मी तिथी, मुहूर्त सांगतो, फार खोलात जात नाही. वहिनींनी हे बरोबर हेरलं होतं. "भावजी, शुक्रवारी धा ते दोन एक झकास मुहूर्त काढा. लस द्यायला नर्सबाई यायलीय."

"वहिनी, शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो."

"मग त्याला म्हणावं जरा सरक तिकडं. बाईला दुपारून दुसऱ्या गावाला जायचंय."

मी कपाळाला हात लावायचो आणि शुक्रवारी गावाला सांगायचो, की आज लेकराला टोचून घेणं फार शुभ. बायका कडेवर पोरं घेऊन रांग लावायच्या. सगळ्यांत मोठी अडचण अमावस्येची. अमावस्येला पोटुशी सून घराबाहेर काढायची नाही, हा आमच्या गावचा कायदा. सासवा भिंतीवरचं कॅलेंडर बघून माझ्याकडे यायच्या, की सुटते कधी? मी डोळे मिटून सांगायचो, "सुटली की केव्हाच. कॅलेंडरवाले मुंबईचं गणित धरतात, आपल्याकडचं वेगळं." आई म्हणत असे, वडील वरून बघत असतील. बघत असतील तर बघोत. किती बाया त्या एका थापेवर वेळेत जिंतूरच्या दवाखान्यात पोचल्या असतील, ते वहिनींनाच माहीत.

मग एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गावच्या जोशीबुवांनी चारचौघांत विचारलं, "काय मास्तर, तुमच्या गावात म्हणे अमावस्याच पडत नाही?" पंगत खदखदून हसली. माझ्या हातातला घास हातातच राहिला. वडिलांच्या नावाला मी बट्टा लावतोय, असं काहीतरी डोक्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी वहिनींना मी ताठ मानेनं सांगितलं, यापुढे पंचांगात असेल तेच सांगणार. त्या हसल्या. "सांगा की. येळ आल्यावर बघू," म्हणाल्या आणि बशी उपडी करून गेल्या.

वेळ पंधरा दिवसांत आली. आमच्या मागच्या आळीत पिंगळी गावची एक सून आहे. माहेरात आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच ठरलेलं. नववा लागला होता. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. नर्सबाईंनी रक्तदाब मोजला आणि सांगितलं, आजच्या आज जिंतूरला न्या, थांबू नका. ती अमावस्या होती. वहिनी गाडी बोलवायच्या मागे लागल्या आणि आमच्या हिच्याजवळ निरोप ठेवला, "तिची सासू विचारायला आली तर सुटली म्हणावं."

निरोप मला मिळाला होता. हे मी लपवत नाही. तासाभरात तिच्या सासूबाई पदर सावरत आल्या. "काका, अमावस्या कवा सुटायलीय?"

मी चष्मा लावला. पंचांग उघडलं. ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "उद्या सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी." आणि खरं सांगतो, सांगताना मला फार बरं वाटलं. अगदी वडिलांच्या आवाजात बोललो मी.

गाडी आली तेव्हा त्या बाई दारात दोन्ही हात पसरून उभ्या. "जोशीकाकानं मिनिटासकट सांगितलंय. एका दिसानं काय व्हतंय?" वहिनी भांडल्या, पाया पडल्या, रडल्यासुद्धा. गाडी तासभर थांबून रिकामी गेली. मग वहिनी माझ्या दारात आल्या. मी काहीतरी शास्त्राचं बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "भावजी, एकच दिस. आजचा एकच दिस खोटं बोलायचं व्हतं."

सकाळी नऊनंतर जीप निघाली. वाटेतच पोरीला झटके आले. डॉक्टरांनी तिला वाचवलं. मुलगा झाला, तो रडलाच नाही.

वहिनी परत आल्यावर माझा उद्धार करतील, चारचौघांत अब्रू काढतील, असं वाटलं होतं. काढली असती तर बरं झालं असतं. त्यांनी गावात एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही, माझं नाव कुठं घेतलं नाही. फक्त आमच्या दारात थांबणं बंद केलं. ही हाक मारायची, "अहो, चहा घेऊन जा." "नको माय, घाई हाय." तीच पिशवी, तशाच कललेल्या चपला, पण नजर समोर. मुहूर्त मागायला तर त्या पुन्हा आल्याच नाहीत. अमावस्या आली की एकेका घरी स्वतःच तासन्‌तास उभ्या राहून भांडायच्या, कधी जिंकायच्या, कधी हरायच्या. कुणी माझ्याकडे यायला निघालंच तर म्हणायच्या, "मास्तरला कशाला तरास?" आणि इकडे मी! महिन्यातले तीसही दिवस शुभ करून बसलो होतो. विचारायलाच कुणी येत नव्हतं. वर्गात वजनं पुकारणंही बंद झालं. त्या शाळेत यायच्या, लेकरांचे हात तपासायच्या आणि जायच्या. अशी दोन वर्षं गेली.

गेल्या महिन्यात सकाळी शाळेला निघालो तर दारासमोर जीप उभी. आत पिंगळीची पोरगी, पुन्हा पोटुशी, चेहरा पांढराफटक. शेजारी सासू, पुढे वहिनी. अमावस्या होती. मला तिथी विचारावी लागत नाही आताशा, पाठच असते. मी धावत जीपजवळ गेलो. कुणी काही विचारायच्या आतच म्हणालो, "काकू, सुटली बरं का अमावस्या! पहाटेच सुटली!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "न्हाई सुटली काका," त्या म्हणाल्या. "सांजच्याला सुटती. कालिंडर बघूनच निघालोय आमी."

मी जीपच्या दांडीला धरून तसाच उभा राहिलो. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेव्हा वहिनी, समोर बघतच, म्हणाल्या, "भावजी, हात काढा. आन्‌ चहा ठिवायला सांगा, येताना घेते."

त्या दिवशी त्या आल्या नाहीत. ही दर तासाला विचारायची, ठेवू का? मी म्हणायचो, ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. वहिनी दारात, उंबऱ्याच्या बाहेर, नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. हिनं कप दिला, त्यांनी बशीत ओतला.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "वजन?"

"अडीच किलो." त्यांनी एक घोट घेतला. बशीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तो बी अडीचच भरला व्हता, भावजी."

मी मान खाली घातली. मग आमच्या हिनं विचारलं, "अजून घेता का घोटभर?" वहिनींनी बशी पुढे केली आणि पहिल्यांदाच उंबऱ्यावर टेकल्या.