वहिनीच्या मामांचं लॅव्हेंडर

देव, डॉक्टर आणि पंचांग या तिघांना एकदम चकवायला निघालेला माणूस मी अख्ख्या कलकत्त्यात एकच पाहिला, आणि ते आमच्या वहिनीचे मामा. त्यासाठी त्यांनी हत्यार निवडलं तेही असं, की एखाद्या मडमेने रुमालावर दोन थेंब शिंपडावेत आणि विसरून जावं. लॅव्हेंडर.

मामांचं नाक हे मामांपेक्षा मोठं प्रस्थ होतं. खिदिरपूरला जहाजांवरचा माल सोडवून देणाऱ्या एका कचेरीत ते कारकून होते आणि पेटी न फोडता आत काय आहे ते सांगतात अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती. आमच्याकडे आले की चपला काढण्याआधीच दारातून वहिनीला सांगत, "आमटीत चिंच कमी पडलीय, आणि तू मघाशी रडलीयस." पहिलं हटकून खरं निघे. दुसऱ्याची चौकशी करायचं धाडस दादाला होत नसे. एकदा ट्राममध्ये शेजारच्या अनोळखी गृहस्थाला त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, "काय, पुण्याचे का?" गृहस्थ राजस्थानचे निघाले. मामा अजिबात वरमले नाहीत. मला म्हणाले, "हिंग आपल्यासारखाच खातो. माणूस चुकलाय, वास नाही." स्वतःच्या मुलीला सांगून आलेलं एक स्थळ त्यांनी नवरामुलगा पाया पडत असतानाच नाकारलं, कारण कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता. "स्वतःचा कोट असता तर घामाचा वास आला असता," ते म्हणाले. पुढे कळलं, कोट खरंच मुलाच्या काकांचा होता.

असा माणूस, आणि त्याच्याच घरात आजाराचा वास शिरला.

मामी आजारी पडल्या त्या पोटाच्या दुखण्याने. स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षं झाली होती. तेव्हा त्या रोगाचं नाव कुणी मोठ्याने घेत नसे. भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं जाऊ लागलं. डॉक्टरांनी मामांना जिन्यात गाठून सांगितलं की आता दिवस मोजायचे. नेमकं तेव्हाच मुलीचं लग्न ठरलेलं होतं, नागपूरच्या घराण्यात. मामींच्या मनात एकच गोष्ट उरली होती, मुलीच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या पाहायच्या. आणि मामांच्या मनात एकच भीती. मुहूर्ताआधी मामी गेल्या तर सुतक, सुतक म्हणजे लग्न वर्षभर पुढे, आणि वर्षभर थांबणाऱ्यांतली ती वरमाई नव्हती. तिने म्हणे आधीचं एक स्थळ मुलीची आत्या वारली एवढ्यावरून मोडलं होतं. मरणाची सावली असलेल्या घरातून सून आणायची नाही, असा तिचा बाणा. तेव्हा आत काय चाललंय याचा वास नागपूरकरांना लागता कामा नये. मामांच्या बाबतीत हे शब्दशः घ्यायचं.

त्याच सुमारास बंदरावर बेवारस मालाचा लिलाव झाला. कुठल्याशा साहेबी दुकानाने विलायतेहून लॅव्हेंडर मागवलं होतं. माल पोचला तोवर दुकान विकून साहेब बोटीवर चढला होता. बाटल्यांची एक पेटी आणि सुकलेल्या फुलांचं एक पोतं मामांनी घोडागाडीत घालून घरी आणलं. "लग्नात काहीतरी नवीन पाहिजे," एवढंच सगळ्यांना सांगितलं. आम्ही घरचे सहाजण तेवढे खरं जाणत होतो.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. दारावरच्या आंब्याच्या डहाळ्यांत लॅव्हेंडरच्या जुड्या. गुलाबदाणीतून गुलाबपाणी हद्दपार. पडदे लॅव्हेंडरात बुडवलेले. पानसुपारीच्या तबकालाही तोच वास. अक्षतांत मूठमूठ सुकी फुलं मिसळली, तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "मामा, तांदळात उंदीर फिरल्यासारखं दिसतंय." बडाबाजारातून आलेल्या भटजींनी तर हातच आखडला. "शास्त्रात हे फूल नाही."

"शास्त्रात बटाटाही नाही," मामा म्हणाले, "पण काल भाजी तुम्ही मागून घेतलीत."

घरमालक बंगाली बाबू जिन्यावरूनच नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाले, "ए की मोशाय, बियेबाडी ना सेलून?" हे लग्नघर की न्हाव्याचं दुकान, हा प्रश्न त्या मजल्यावरच्या प्रत्येकाच्या मनात होताच.

राहिला प्रश्न वधूची आई दिसत का नाही याचा. मामांनी त्याचंही उत्तर काढलं होतं. "हिने मुलीसाठी मौनाचं आणि एकांताचं व्रत घेतलंय." दाराआडून मामींनी ते ऐकलं. मी औषध द्यायला आत गेलो तेव्हा त्या कशाबशा हसल्या. म्हणाल्या, "यांच्याशी लग्न झालं तेव्हाच घेतलंय ते."

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड हावडा स्टेशनावरून आलं. मामा दारात गुलाबदाणी घेऊन उभे. त्यांनी असं शिंपडलं की नवरदेव शिंकला, करवली शिंकली, व्याह्यांच्या चष्म्यावरून ओघळ आले. वरमाई तेवढी शिंकली नाही. उंच, काळीसावळी, नाकात जड नथ असलेली ती बाई उंबऱ्यात थबकली, एकदा खोल श्वास घेतला आणि चौरंगाकडे न वळता सरळ मागच्या खोलीच्या दाराकडे चालू लागली.

मामा धावत आडवे झाले. "आत व्रत आहे, विहीणबाई."

"बाजूला व्हा."

"मुहूर्त झाला की मग..."

"व्याहीबुवा, इतका सुगंध सुखाच्या घरात कुणी करत नाही," ती म्हणाली. "माझी आई अंथरुणात असताना आम्ही कापूर जाळत होतो. तिच्या खोलीत माझ्याखेरीज कुणी जायचं नाही. हलताय ना?"

मामा हलले. दार आतून लागलं. गच्चीवर सनईवाला वाजवत होता. त्याला थांबवायचं कुणाला सुचेना. नवरी बोहल्यावर चढायच्या साडीत, भिंतीला टेकून उभी. मामांनी गुलाबदाणी छातीशी धरली होती. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच ते तोंडाने श्वास घेत होते.

दार उघडलं तेव्हा वरमाईने पदर खोचलेला होता. भटजींना म्हणाली, "अंतरपाट गच्चीवरून खाली आणा. लग्न इथे लागेल."

"पण मुहूर्त संध्याकाळचा..."

"मुहूर्त आत निजलेल्या बाईला विचारा."

भटजींनी पंचांग मिटलं. त्या एवढ्याशा खोलीत खाटेच्या पायथ्याशी दोन पाट मांडले, आणि दादाने व मी अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली ती शेजारी मूल झोपलं असावं अशा आवाजात. कन्यादानाचं पाणी सोडताना वरमाईने मामींचा हात उचलून मामांच्या हाताखाली धरला. अक्षतांच्या वेळीही तिनेच मामींच्या मुठीत दाणे दिले, मूठ मुलीच्या डोक्यापर्यंत नेली आणि बोटं एकेक करून सोडवली. मुलीच्या केसांवर चार तांदूळ आणि एक जांभळा कण पडला. मामी पाहत होत्या. त्यांना हवं होतं ते त्यांनी नीट पाहिलं.

जेवणं गच्चीवर झाली. लोक जेवले, कारण लोक जेवतातच. दुपारीच वऱ्हाड निघालं तेव्हा वरमाईने सुनेच्या ओटीत नारळ घातला आणि तिला जिन्यातूनच माघारी पाठवलं. "वरात मी रिकामी नेईन. तुला बोलवायला हा येईल, सगळं झाल्यावर. तोवर आईजवळ राहा." नव्या नवरीला मागे ठेवून गेलेलं वऱ्हाड त्या गल्लीने आधी पाहिलं नव्हतं.

मामा त्यांना हावड्याला पोचवून परतले तेव्हा मी आणि वहिनी भांडी आवरत होतो. मागच्या खोलीचं दार आता सताड उघडं होतं. मामींनी त्यांना जवळ बोलावलं.

"आता कुणापासून लपवायचंय?" त्या म्हणाल्या. "खिडक्या उघडा. माझं डोकं धरलंय तुमच्या त्या अत्तराने."

मामांनी पडदे काढले, दोन्ही खिडक्या उघडल्या. खालच्या अंगणात कुणी शेगडी पेटवली होती, तिचा धूर आला. मग समोरच्या घरात मोहरीच्या तेलात मासा पडला. वीस-बावीस वर्षांच्या संसारात त्या वासाला मामींनी रोज नाक मुरडलं होतं, खिडकी धाडकन लावून घेतली होती.

"रुई मासा आहे," मामा सवयीने म्हणाले. "आज हळद जास्त घातलीय तिने."

"हो का," मामी म्हणाल्या. "अजून सांगा."

मामा खाटेच्या कडेवर बसले आणि सांगू लागले. कुणाच्या घरी भात लागला, कुणाकडे धूप लावला, कुठल्या दोरीवर ओलं धोतर वाळतंय. मुलगी आईच्या पायांशी, नव्या साडीतच, झोपून गेली होती. आठवडा पुरा व्हायच्या आत मामी गेल्या. पण त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत त्या डोळे मिटून ऐकत होत्या, आणि मामा थांबले की नुसता हात हलवून म्हणत होत्या, पुढे.